फुलस्टॉपच्या पुढे

"अगं, लवकर ये! हिची बोटं बोलायला लागली बघ!"

सासऱ्यांची हाक ऐकून सून हातातलं भांडं तसंच सिंकमध्ये टाकून धावत आली.

सासूबाई पलंगावर नेहमीसारख्या उताण्या, नजर छताला लागलेली. मेंदूला झटका आल्यापासून तोंडातून शब्द नव्हता की मान वळत नव्हती. हलायची ती फक्त बोटं. चादरीवर अशी भराभर चालायची की बघणाऱ्यानं थक्क व्हावं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, त्याला काही अर्थ नाही, स्नायू आपोआप उडतात. पण बाईंनी सारा जन्म इंग्रजी टायपिंगचा क्लास चालवलेला! एक दिवस सूनच ओरडली, "अहो बाबा, आई टाइप करताहेत!"

त्या दिवसापासून घराची कळाच बदलली.

बोटं हलली की सून शेजारी खुर्ची ओढायची, लॅपटॉप मांडीवर घ्यायची आणि सासूबाईंच्या तोंडाकडे बघत टाइप करत सुटायची. स्क्रीनवर इंग्रजी वाक्यं उमटायची. खिडकी उघडा, गुदमरतंय. पाठीखालची उशी काढा. आणि बहुतेक रोज, यांना म्हणावं, उपाशी राहून माझ्यावर कसले उपकार करताय?

"बघा, जन्मभर माझ्याशी आपल्या भाषेत भांडली, आता इंग्रजीतून भांडतेय बया!" सासरे डोळे पुसत हसायचे आणि ताटावर जाऊन बसायचे. बायको आजारी पडल्यापासून या माणसानं अन्न जवळजवळ सोडलं होतं.

मुलगा तर आईच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला. शुश्रूषा केंद्रात तो खोलीसुद्धा बघून आला होता. "आई आत आहे! सगळं कळतंय तिला, आणि मी तिला सामानासारखी हलवायला निघालो होतो!" ती खोली नको म्हणून त्यानं लगेच फोन केला. मग म्हणाला, "कीबोर्ड सरळ तिच्याच हाताखाली ठेवू या का?"

"छे, थकतील त्या. बोटांत जोर कुठाय?" सून म्हणाली, आणि तो विषय तिथेच राहिला.

ही सून आणि ही सासू, यांचं एरवी पटायचं, पण एका गोष्टीवरून कधीच जमलं नाही. सासूबाईंचा नियम कडक: वाक्य संपलं, फुलस्टॉप दिला, की स्पेसबार दोनदा दाबायचा. "वाचणाऱ्यानं श्वास कुठे घ्यायचा मग?" सून छपाईआधी पुस्तकांची पानं संगणकावर लावायच्या कामात. तिच्या ऑफिसात अशा दोन रिकाम्या जागा दिसल्या की एक उडवायची, हाच शिरस्ता. "आई, टाइपरायटर गेले, आता एकच." सासूबाईंनी क्लासची साधी सूचना टाइप केली तरी ही मागून जाऊन एक जागा खोडायची, आणि बाई चष्मा चढवून ती पुन्हा घालायच्या. "रिकाम्या जागेवरून जुंपलेली सासू-सून अख्ख्या जगात आमच्याच घरात," असं सासरे येईल-जाईल त्याला सांगायचे.

आज बोटं जोरात चालली होती. सुनेनं लॅपटॉप उघडला, एक वाक्य उमटवलं: आज जेवण वेळेवर करा. सासऱ्यांनी स्क्रीनशी नाक नेऊन ते वाचलं.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "उद्या डॉक्टरांना घेऊन येतोय. आईची बोटं तू त्यांच्यासमोर वाचून दाखव. बघू तरी काय म्हणतात!"

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला.

"घाबरलीस?" सासऱ्यांनी हळूच विचारलं.

"नाही हो बाबा. कशाला घाबरू?"

"मला माहीत आहे, पोरी. पहिल्या दिवसापासून." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "फुलस्टॉपच्या पुढे एकच जागा. ही मेली तरी दोन सोडल्याशिवाय राहणार नाही. हे सगळं तुझं आहे."

सुनेला भुई दुभंगावी असं झालं. "मग... मग जेवत का होतात?"

"तू एवढं रचत होतीस माझ्यासाठी. ताट परत पाठवायला जीव झाला नाही. आणि बोललो असतो तर तुझ्या नवऱ्यानं हिला त्या केंद्रात नेऊन ठेवलं असतं." त्यांनी नाक पुसलं. "उद्या खरं सांगून टाकू. पण आज एकदा तो कीबोर्ड हिच्या हाताखाली ठेव. माझ्या समाधानासाठी."

ती रडत रडत उठली. डॉक्टरांचं म्हणणं तिनं मनातून केव्हाच मान्य केलं होतं, म्हणून तर त्या बोटांकडे तिनं नीट पाहिलंही नव्हतं. तिनं लॅपटॉप पलंगावर ठेवला आणि तो थंड हात उचलून कीबोर्डवर टेकवला. बोटं एकदम थांबली. स्क्रीनवर तिचंच वाक्य, फुलस्टॉप, एक जागा, आणि लुकलुकणारा कर्सर.

काहीच झालं नाही. सासऱ्यांनी मान खाली घातली.

मग अंगठा खाली आला. कर्सर एक घर पुढे सरकला.

"चुकून लागला असेल," सून पुटपुटली. तिनं ती जागा खोडली.

अंगठ्यानं ती पुन्हा घातली.