टेकाडावरचं पाणी

“ठरलेली वीस मिनिटं झाली की तुझं डबडं पाणी तोडणार, आणि टेकाडावरची सोजरमावशी कोरडीच राहणार!” गावाला पाणी सोडणारे दगडूतात्या शेवंतीवर खेकसले.

शाळा सोडलेल्या शेवंतीनं टाकीखालच्या खोलीत, जुन्या कॉम्प्युटरवर, नेटशिवाय चालणारा एआय एजंट बसवला होता. महिनाभर तात्यांचं काम बघून आज तो स्वतः व्हॉल्व सांभाळत होता. जमलं, तर बावीस वर्षांत पहिल्यांदाच तात्या गाव सोडणार होते, नातीचं तोंड बघायला.

वीस मिनिटं झाली. व्हॉल्व उघडाच राहिला.

“बंद का नाही केलास रे?” तात्यांनी चकित होऊन विचारलं.

“टेकाडावर पाणी चढायला अजून पाच मिनिटं लागतील,” एजंट म्हणाला. “तुम्ही रोज तेवढं थांबता.”

हे तात्यांनी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. त्यांनी शेवंतीच्या डोक्यावर हात ठेवला.

“पोरी, लई उपकार केलेस. निघतो आता, एसटी चुकेल.”