कोयनेचा ठसा

कौमुदीने सामानाची पिशवी पायरीवर ठेवली आणि ती दोन पावलं मागे सरकली. दूध, पाव, पूर्ण उमललेली मोठी मशरूम. नूलाआजींना भाजीला तीच लागत. लॉकडाऊन लागल्यापासून ओंगार या आयरिश उपनगरातल्या या म्हाताऱ्या शेजारणीचं सामान तीच आणून द्यायची. बोलणं व्हायचं ते अर्धवट उघड्या खिडकीतून.

आज मात्र तिचा पाय उचलत नव्हता.

ती मेनूथच्या विद्यापीठात लोककथांवर पीएचडी करत होती. विषय, ‘कोयना’ नावाचं नशेचं मशरूम. सत्तरच्या दशकात कुणा आयरिश भटक्याने ते सह्याद्रीतून आणलं, अशी दंतकथा होती. त्यात खरं किती आणि भाकड किती, हे तिला शोधायचं होतं. तो भटक्या म्हणजे आजींचा दिवंगत नवरा डेक्लन, हे कळल्यावर तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

त्या पहिल्या मशरूमचा ठसा आजींनी स्वयंपाकघरातल्या कपाटात, त्यांच्या भाषेत प्रेसमध्ये, जपून ठेवला होता. ठसा म्हणजे मशरूमची छत्री कागदावर पालथी ठेवली की खाली उरते ती काळपट पूड. लोक यायचे, गोड बोलायचे, हात हलवत परत जायचे. कौमुदीला मात्र त्यांनी कागद दिला. “जे निघेल ते सांग,” एवढंच म्हणाल्या.

काल प्रयोगशाळेतून, तिने ठसा तपासायला दिलेल्या निमिषचा फोन आला. सह्याद्री राहू दे, ते नशेचं मशरूमसुद्धा नव्हतं. दुकानात मिळतं तेच, भाजीचं.

म्हणजे डेक्लनने बायकोला जन्मभर फसवलं होतं. प्रबंधात खरं लिहावंच लागणार. पण आजी कुठे तो वाचायला जाणार होत्या? आणि अप्रिय सत्य बोलू नये, हे तर कौमुदीच्या घरचं बाळकडू.

“काय निघालं, पोरी?”

“डेक्लन खरं बोलत होते, आजी. सह्याद्रीतलंच आहे.” मग तिने तिखटमीठही लावलं. पावसाळ्यात माझी आजी मला अशीच मशरूम दाखवायची, म्हणाली. दंतकथा अशाच जन्माला येतात, हे ती विद्यार्थ्यांना शिकवायची. तिला स्वतःची लाज वाटली.

आजींचे डोळे भरून आले. चला, म्हातारी सुखावली, असं वाटून कौमुदीच्या मनावरचं ओझं थोडं हलकं झालं.

“ग्रँड,” आजी म्हणाल्या. त्यांनी खिडकी ओढून घ्यायला हात पुढे केला. “डेक्लनचा ठसा प्रेसमध्येच आहे, पोरी, आणि आता तिथेच राहील. तुला दिला, तो तू आणलेल्या मशरूमचा होता.”