एकच हातमोजा

सुक्या आणि प्रविण दोघं महाराष्ट्रातल्या झाई गावचे, पण कामाला बॉर्डरपलीकडे गुजरातच्या बादल्यांच्या कंपनीत. लोकसभेच्या मतदानाची भरपगारी सुट्टी कंपनीनं दिली, ती गुजरातच्या मतदानाला. आठवड्यानं झाईत मतदान आलं, तर मशीन चालू.

"प्रविणदादा, माझं पहिलंच मत आहे. जाऊन येऊ दे ना," सुक्या सकाळपासून मागे लागला होता. "कायद्यानं सुट्टी आहे आपली."

प्रविण सुपरवायझर. तो खेकसला, "मिळाली ना सुट्टी? एकदाच मिळते! मला कायदा शिकवतो काय? मशीन सोडलंस तर उद्यापासून घरीच बस."

दुपारी प्रविण बँकेत जातो सांगून बाइकवर गेला आणि तासाभरात परत आला. कुणी हातमोजे मागितले की "मेंदी लावलीय काय हाताला?" म्हणून हसणारा हा माणूस, त्या उकाड्यात डाव्या हातात मोजा घालून फिरत राहिला. सुक्याच्या मशीनकडे मात्र त्याला बघवेना.

सहाला मतदान संपलं. हात पुसत सुक्या त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.



"काढ आता मोजा, दादा. शाई सुकली असेल."