दरडीवरचं गवत

दरड कोसळून वर्ष उलटलं होतं. बँकेला सुट्टी असली की रानात फोटो काढत फिरणारी वसुंधरा त्या उतारावर आली. गुडघाभर गवत माजलं होतं, त्यात सोनकीची पिवळी फुलं. आडवी पडून ती फोटो काढू लागली.

"बरं येतंय का फोटोत?" मागून म्हाताऱ्या आवाजात प्रश्न आला. पायथ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहणारे कोंडिबा ढेबे होते.

"छान येतंय, बाबा. डोंगर सावरला."

"ह्याच्याखाली माझं घर हाय. पोरगा, सून, नात. शोधकाम थांबलं, तवा कोण कुठं निजलं हुतं ते आठवून मी तिघांचे तीन धोंडे ठेवले. आता गवतात एकबी गावंना."

वसुंधरानं कॅमेरा पिशवीत ठेवला. दोघं हातांनी गवत बाजूला करत शोधू लागले. धारदार पात्यांनी बोटं कापली.

दिवस मावळताना एक धोंडा सापडला. कोंडिबा त्याच्याजवळ बसले, त्याच्यावरची माती पुसत राहिले.

"कुणाचा हा?" तिनं हळूच विचारलं.

त्यांनी उताराकडं वर-खाली पाहिलं, मग पुन्हा धोंड्याकडं.

"ठेवताना वाटलं हुतं, मला कळंल," ते म्हणाले, आणि रडू लागले.