कातरल्या कानाची कबरी

नोलारीची कबरी गाय चरता चरता अभयारण्याच्या हद्दीत शिरली, म्हणून ती काठी घेऊन मागावर निघाली. बघते तर गवतात सिंहीण दबा धरून बसलेली, समोर कबरी निवांत चरतेय आणि पर्यटकांच्या अकरा गाड्या इंजिनं बंद करून उभ्या. सगळ्यांत पुढची गाडी थोरल्या लेकाची, पारसालोईची; पाहुण्यांना जनावरं दाखवायचं त्याचं काम.

"आई, पायी नको फिरूस. गाडीत ये," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"मेल्या, मी काय तिकीट काढून आलेय?"

अंगावरचं लाल कापड सावरत नोलारी सरळ चालत गेली. गुराख्यांच्या भाल्यांची धास्ती घेतलेली सिंहीण ते लाल कापड दिसताच उठली आणि गवतात दिसेनाशी झाली. गाड्यांतून हळहळ ऐकू आली.

"काय केलंस गं हे? पाहुणे पहाटेपासून शिकार बघायला बसलेत."

"गाय ओळखली होतीस?"

पारसालोईने कबरीच्या कानाकडे पाहिलं. ती घरची खूण त्यानेच कातरली होती.

"ओळखली होती."

"हिच्या आईच्या दुधावर वाढलास तू. आता यांच्याकडेच दूध माग. माझ्या दारात दुधाचा पोकळ भोपळा घेऊन उभा राहू नकोस."

गाडीतल्या एका बाईने त्याला काहीतरी विचारलं. त्याने हसून उत्तर दिलं, तसे सगळे पाहुणे नोलारीकडे बघून खुशीत हात हलवू लागले. त्यांची भाषा येत नसली, तरी लेकाने काय सांगितलं असेल ते तिला कळलं: आई तुमचं स्वागत करायला आलीय.

तिने कबरीच्या पाठीवर हात ठेवला.

"चल बाई. ती सिंहीण निदान उपाशी तरी होती."