कानापासून हातभर

“कानाला नाही! टेबलावर!” सासरे कडाडले. सुनेने मुकाट्याने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. पलीकडून तिची आई गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगू लागली आणि ते अख्ख्या घराने ऐकलं.

बोलणं संपताच सुनेने पर्समधून कागद काढला. आज सोक्षमोक्ष लावायचाच होता. लग्नाला तीन महिने झाले, पण या घरात आईशी एक वाक्य खासगीत बोलायची सोय नव्हती. मोबाइल कानाला लावला की रेडिएशन मेंदूत शिरतं, हे सासऱ्यांचं सात वर्षांचं पालुपद. सासूबाईंकडे गाणं शिकायला येणाऱ्या मुलांचे पालक सासऱ्यांना पाठीमागे ‘रेडिएशनमास्तर’ म्हणत. आता नशीब बघा, सून मिळाली ती नेमकी फोन तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली. डोक्याच्या आकाराच्या साच्यात द्रव भरायचा, कानाशी फोन धरायचा आणि आत किती शिरतं ते मोजायचं, हे तिचं रोजचं काम. तिचं माप चुकत नाही, असं तिचे साहेब म्हणत. तीही म्हणे. गेल्या रविवारी चार पालकांसमोर तिने छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, की बाबांना आकड्यांनिशी गप्प करते.

“घरातले तिन्ही फोन मी स्वतः मोजलेत, बाबा. तिन्ही मर्यादेच्या खूप आत आहेत.”

सासऱ्यांनी चष्मा लावून कागद ओळन् ओळ वाचला आणि घडी घालून परत दिला.

“बरोबर आहे. मला माहीतच होतं.”

“मग हा सगळा खटाटोप कशाला?”

त्यांनी उठून क्लासच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि ते परत येऊन बसले. आत सासूबाई एका मुलीकडून तोच सूर पुन्हा लावून घेत होत्या.

“तुझ्या सासूच्या दोन्ही कानांत मशीन आहे. केसांनी झाकते,” ते हळू आवाजात म्हणाले. “मशीन असलं की सूर जरासा उतरला तरी तिला कळतो. पण फोन कानाशी नेला, की ते असं भुणभुणतं की एक शब्द समजत नाही. गाण्याच्या बाईंना ऐकू येत नाही, अशी एकदा आवई उठली, तर पोरांना कोण पाठवेल? शिकवणी बंद पडली तर ती जगेल कशावर गं? म्हणून ठरवलं, या घरात कुणीच फोन कानाला लावायचा नाही. लोक मला वेडा म्हणतात. म्हणू देत, मला कुठे गाणं शिकवायचंय!”

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती भुणभुणसुद्धा तिच्याच प्रयोगशाळेत, तिच्या टेबलापासून चार पावलांवर मोजली जात होती. कोणत्या फोनने श्रवणयंत्र भुणभुणत नाही, याची यादी तिला तोंडपाठ होती.

“तशा मशीनशी जुळणारे फोन मिळतात, बाबा. उद्याच आणते.”

“आण. पण मी बोललो म्हणू नकोस.”

तेवढ्यात क्लास सुटला आणि सासूबाई बाहेर आल्या. मुलीला न्यायला आलेले वडीलही दारात हजर झाले. सुनेच्या हातातला कागद बघून त्यांची कळी खुलली.

“आला का रिपोर्ट? हरले ना काका? मग आता कसली भीती! बाई, पोरीची आई लाइनवर आहे, जरा बोला तिच्याशी,” म्हणत त्यांनी आपला फोन थेट सासूबाईंच्या कानाशी नेला.

सासूबाईंचा हात केसांकडे गेला. सासरे जागचे अर्धवट उठले.

सून त्यांच्याआधी पोहोचली. तिने तो फोन हलकेच काढून घेतला, सगळ्यांदेखत स्पीकर लावला आणि मान ताठ ठेवून म्हणाली,

“माझंच माप चुकलं.”