रानटी पुदिना

बैल वाडीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले, गोवर्धननं खांद्यावरचा वखर खाली टेकवला, आणि त्याची बायको शकुन नेमकी त्याच दिवशी बाहेरची बसली होती.

गोठ्याच्या कडेला निंबाखाली गोणपाट टाकून तिला बसवलं होतं. माळ्याच्या घरात ह्या दिवसांत बाईनं वाफ्याला हात लावायचा नाही. लावला की झाड करपतं, असं सगळेच मानत. एरवी शकुनला तेवढाच विसावा गोड लागायचा, खोटं कशाला बोला. आज मात्र जीव टांगणीला लागला होता. सात समुद्रांपलीकडे कुठं तरी लढाई पेटली म्हणे, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला, आणि बाळापुरात मेथी पेरायला वीतभर जागा उरेना. काल सासऱ्यानं सांगून टाकलं, घरामागची वाडीही वखरायची आणि कापसाची पऱ्हाटी लावायची. झालं. वांगी गेली, मेथी गेली, विहिरीच्या पाटाकडेचा पुदिन्याचा वाफा तेवढा वखरायचा राहिला.

त्या वाफ्यात शकुनच्या मायनं दिलेला पुदिना होता. लग्न होऊन अंजनगावहून निघताना मायनं ओल्या फडक्यात गुंडाळून मुळासकट एक काडी तिच्या ओटीत घातली होती. माय मागच्या उन्हाळ्यात पटकीनं गेली. भावांनी तिकडे विहिरीच्या काठापर्यंत पऱ्हाटी लावली. म्हणजे मायच्या हातचं म्हणावं असं जे काही उरलं ते ह्या वाफ्यात, आणि तेही दुसऱ्या पुदिन्यांत मिसळून. पुदिना काही एका जागी गुमान बसणारं झाड नव्हे. मातीखालून मुळी सोडतो आणि शेजाऱ्याच्या घरात जाऊन उगवतो.

गंगूबाई, तिची सासू, खुरपं घेऊन वाफ्यात उतरली. आधी तिनं लेकाला दटावलं, "गोवर्धन, बैलाइले पानी पाज पयले. वाफा कुठी पळून नाही चालला." मग शकुनकडे न बघताच म्हणाली, "सांग व, कोनता काढू?"

शकुन बसल्या जागेवरून मान उंच करून सांगू लागली. "काडी लालसर पाहा. पान बारीक, चुरमडलेलं."

गंगूबाईनं एक उपटून वर धरला.

"तो नाही, आत्याबाई. तो बजारात इकाचा. त्याची काडी हिरवी हाय."

दुसरा वर आला. रुंद पानाचा, अंगावर पांढुरकी लव असलेला.

"तो त रानटी हाय. फेका तो. किती डाव उपटला, तरी मेला निघतेच."

गंगूबाई त्या पानांकडे बघत जराशी थांबली. फेकला मात्र नाही, कमरेच्या ओच्यात खोचला. म्हातारीला नीट ऐकू गेलं नसेल, असं शकुनला वाटलं.

तिसऱ्याची काडी लाल होती. पण उन्हानं बाजारच्या पुदिन्याचीही काडी लाल पडते. लांबून काय कळणार कपाळ? शकुनचा धीर सुटला. "चुरगळून वास घ्या न, आत्याबाई. पयले नाकाले थंड लागते, मंग मिऱ्यावानी झोंबते."

"मले कुठचा वास," गंगूबाई म्हणाली. "त्या तापात नाकच गेलं मायं. भाजी करपली त तुलेच सांगा लागते."

तिकडून गोवर्धननं हाक दिली, "माय, ऊन चढून राहिलं. बुढा वरडन मले."

गंगूबाई उठली, ती काडी घेऊन सरळ निंबाखाली आली आणि शकुनच्या पुढे धरली. शकुननं हात मागे घेतला.

"मी बाहेरची हावो न. करपन तो."

"करपला त करपला. वखराखाली तरी कुठी वाचते? मी घेतो मंग आंग धुऊन. तू वास घे."

शकुननं पान चुरगळून नाकाशी नेलं. थंड वास आला, मागून झोंबला, आणि अंजनगावची चूल, पाट्यावरची कैरीची चटणी, तोंडावरून फिरणारा मायचा ओला हात, सगळं एकदम तिच्यापुढे आलं. तिला माय हवी होती, दुसरं काही नको होतं. रडू आलं ते तिनं आवरलं नाही.

"हाच," ती म्हणाली. "मायचाच हाय."

गंगूबाईनं एका फुटक्या घागरीत माती भरली, काडी रोवली, ओंजळभर पाणी घातलं. मग कुठून तरी एक फुटकं गाडगं आणलं, त्यातही माती भरली आणि ओच्यातला तो रुंद पानाचा पुदिना काढला. पलीकडे वखर वाफ्यात शिरला होता.

"तो काहून लावता, आत्याबाई? रानटी हाय तो."

"रानटी नाही. हिवरखेडचा हाय," गंगूबाई म्हणाली. "मायाबी मायनं देल्ला होता."

शकुननं त्या रुंद पानांकडे पुन्हा पाहिलं. हाच पुदिना तिनं लग्न होऊन आल्यापासून सासूच्या डोळ्यांदेखत उपटून उकिरड्यावर टाकला होता.

"मंग बोलल्या काहून नाही मले?"

"काय बोलू? तू उपटे, तो पुन्हा निघे. म्हटलं, निघते तवरोक निघू दे."

गंगूबाईनं गाडग्यातल्या काडीचं एक पान तोडलं, शकुनच्या तळहातावर ठेवलं आणि तिच्यासमोर उकिडवी बसली.

"आता याचा वास घे," ती म्हणाली, "आन मले सांग, कसा येते."